शब्दांच्या शेपट्या : ‘दार’, ‘टर’ आणि बीडचा कोयता

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची एक जुनी आणि सोपी युक्ती शाळा-महाविद्यालयांतून शिकवली जाते. ज्या शब्दांमध्ये अक्षरांचा एकच गट येतो, असे शब्द एकाखाली एक लिहून काढायचे आणि प्रत्येकासमोर अर्थ मांडायचा. ‘टर’ने संपणारे शब्द घेतले तर कलेक्टर, डॉक्टर, इन्स्पेक्टर, कंडक्टर, ट्रॅक्टर, सेंटर, मीटर, रजिस्टर अशी यादी पाहता पाहता पानभर होते. परीक्षेच्या दृष्टीने ही युक्ती उपयोगी असेलही. पण अशा यादीत शब्द जन्मगाव नसलेल्या प्रवाशांसारखे शेजारी शेजारी बसलेले असतात. ते कुठून आले, वाटेत कोणाला भेटले, कोणाला बाजूला सारून ते आपल्या गावात राहिले, हे यादी सांगत नाही. तीच यादी एखाद्या जिल्ह्याच्या नकाशावर ठेवली, तर मात्र शब्दार्थाची वही इतिहासाचे दप्तर होऊ शकते. प्रस्तुत लेखात हा प्रयोग बीड जिल्ह्यापुरता करून पाहायचा आहे.

बीडच निवडण्याचे कारण असे की, या जिल्ह्यात राज्यकारभाराच्या भाषेचे थर फार स्पष्ट दिसतात. मुंबई इलाख्यातील मराठी मुलखात पेशवाई १८१८ साली संपली आणि तिच्या जागी थेट इंग्रजी अंमल आला. बीड मात्र निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिले. म्हणजे पलीकडच्या नगर जिल्ह्यात इंग्रजी शब्द कचेरीत शिरून सव्वाशे वर्षे झाली, तरी अलीकडे आष्टी-पाटोद्याकडच्या कचेऱ्यांत फारशी-उर्दूच नांदत होती. एकाच बोलीची, एकमेकांत सोयरिकी असलेली माणसे एका सीमेमुळे दोन वेगळ्या शब्दकोशांत राहत होती.

या जुन्या कोशातली सर्वांत बलवान शेपटी म्हणजे ‘दार’. पहिले सालारजंग १८५३ साली हैदराबादचे दिवाण झाले. तोपर्यंत महसुलाची वसुली मुख्यतः मक्त्याने दिली जाई आणि तालुकदार हा अनेकदा असा मक्तेदारच असे. ठरलेली रक्कम दरबारात भरायची आणि रयतेकडून जमेल तितके काढायचे, हा त्याचा व्यवहार. सालारजंगांनी ही पद्धत मोडीत काढत नेली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार नेमला गेला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या पोटातला माणूस बदलला. कालचा मक्तेदार आज अंमलदार झाला. भाषेच्या इतिहासात हे नेहमी घडते. राज्ये नवी माणसे आणतात, पण त्यांच्यासाठी खुर्ची जुन्याच शब्दाची वापरतात, कारण त्या शब्दाचा धाक आधीच तयार असतो.

‘दार’ म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. जमीन धारण करणारा तो जमीनदार, इनाम धारण करणारा इनामदार, जहागीर बाळगणारा जहागीरदार. फारशीतील हा ‘दार’ आणि संस्कृतातील ‘धृ’ धातूपासून आलेले ‘धर’, ‘धारी’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. गंगाधरातला ‘धर’ आणि इनामदारातला ‘दार’ ही दूर गेलेली भावंडेच म्हणायची. म्हणूनच की काय, मराठीने ही शेपटी इतकी आपलीशी केली की ती परकी वाटेनाशी झाली. धारदार, टोकदार, पाणीदार, चवदार, खुमासदार हे शब्द उच्चारताना आपण फारशी बोलतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही. धार, टोक, पाणी, चव हे सारे आपल्या घरचे शब्द आहेत, बाहेरची आहे ती फक्त शेपटी.

शिवाजी महाराजांच्या राजवटीत रघुनाथपंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. राज्यव्यवहारातील सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. फारशी शब्दांवर राज्यकर्त्यांनी केलेला तो पहिला मोठा, जाणीवपूर्वक विचार होता. त्यानंतर मराठी पत्रव्यवहारातील फारशीचे प्रमाण घटत गेले, हे वि. का. राजवाड्यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांमधील शब्द मोजून दाखवले आहे. पण शब्द कमी झाले तरी शेपटी गेली नाही. गावगाड्यातील लोहार, कुंभार, सोनार, चांभार यांच्या नावांतला ‘आर’ हा लोहकार, कुंभकार यांतील ‘कार’चा झिजलेला अवशेष आहे. म्हणजे अगदी देशी. पण या साऱ्यांना एकत्र बांधणारा शब्द कोणता? बलुतेदार! देशी शेपटीच्या माणसांच्या पंगतीला फारशी शेपटीचे नाव मिळाले आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

आता ‘टर’कडे वळू. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालमध्ये जिल्ह्यांच्या महसुलासाठी कलेक्टर हे पद निर्माण केले. पुढे ते कंपनी सरकारच्या मुलखात सर्वत्र पसरले आणि १८१८ नंतर नगरला पोहोचले. कलेक्टर या शब्दामागे लॅटिन ‘कोलिगेरे’ हा धातू आहे. त्याचा अर्थ गोळा करणे, वेचून एकत्र आणणे. तहसील या अरबी शब्दाचा अर्थही वसूल करणे, गोळा करणे असाच. म्हणजे शब्दशः पाहिले तर कलेक्टर आणि तहसीलदार हे एकच आहेत. दोघेही गोळा करणारे! एकाने तालुका सांभाळायचा आणि दुसऱ्याने जिल्हा, हा भेद शब्दांच्या अर्थात नाही. तो फक्त राज्यांच्या इतिहासात आहे. इंग्रजी राज्याने मोठी खुर्ची आपल्या शब्दाला दिली आणि धाकटी खुर्ची जुन्या शब्दाकडे ठेवली. नगरकडे मात्र तालुक्यावर मामलेदार बसे. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली, तेव्हा राज्यभर तहसीलदार हेच नाव ठरले. विलीन झालेल्या मुलखाचा शब्द यजमान मुलखाच्या शब्दावर मात करून गेल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आपण नेहमी करतो, म्हणून ही एक जमेची नोंदही करून ठेवलेली बरी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. त्यानंतरच्या काळात अव्वल तालुकदार मागे पडला आणि त्याच्या जागी कलेक्टर आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्या पिढीतील शिकलेल्या माणसाच्या डोक्यावर किती शब्दकोश येऊन आदळले असतील, याची कल्पना करावी. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्यासाठी आधुनिक शास्त्रांच्या इंग्रजी संज्ञांचे उर्दूत रूपांतर करणारे अनुवाद केंद्रही हैदराबादेत काम करत होते. घरात मराठी, कचेरीत आणि वरच्या शिक्षणात उर्दू, त्यापलीकडे इंग्रजी अशी ती उतरंड होती. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था या उतरंडीत मराठीसाठी जागा धरून बसल्या. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनी तिथे केलेले काम केवळ राजकीय नव्हते, ते भाषिकही होते. मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना तुरुंग आणि मोर्चे येतात. शब्द कोणत्या भाषेतून शिकायचे हा हक्कही त्याच लढ्याचा भाग होता, याची नोंद मात्र कमी होते.

‘टर’चा मूळ अर्थ ‘करणारा’ असा आहे. लॅटिनमधील ‘टोर’ आणि संस्कृतातील ‘तृ’ हे प्रत्यय सगोत्र आहेत. कर्तृ, दातृ, नेतृ, वक्तृ यांची मराठीत कर्ता, दाता, नेता, वक्ता अशी रूपे होतात. लॅटिनमधला ‘दाटोर’ आणि आपला दाता हे अर्थाने आणि रूपाने एकच. कलेक्टरमधला ‘टर’ परका वाटत असला, तरी तो नेत्यातल्या ‘ता’चाच दूरदेशी वाढलेला भाऊ आहे. या दृष्टीने यादी पुन्हा वाचली की शब्द बोलू लागतात. इन्स्पेक्टर म्हणजे आत डोकावून पाहणारा. कंडक्टर म्हणजे बरोबर घेऊन जाणारा. डॉक्टर हा लॅटिन ‘डोकेरे’पासून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिकवणारा असा आहे. औषध देणे हे त्याला पुढे चिकटलेले काम. विद्यापीठाने पीएच. डी. दिल्यावर मराठीच्या प्राध्यापकाला लोक डॉक्टर म्हणतात, तेव्हा तपासायला नाडी मागण्याचा विनोद होतो. पण शब्दाच्या इतिहासाप्रमाणे खरा डॉक्टर तो प्राध्यापकच, दवाखान्यातले नंतरचे.

मात्र अक्षरांचा साचा एक असला म्हणजे गोत्र एकच असते असे नाही. शब्दयादीचा हा सर्वांत मोठा धोका आहे आणि विद्यार्थ्यांनी तो ओळखला पाहिजे. मीटर आणि लीटर हे ग्रीक मापांवरून आलेले शब्द. त्यांत करणारा कोणी नाही. क्वार्टर म्हणजे चौथा हिस्सा, मग ती सरकारी नोकराची निवासाची क्वार्टर असो वा आणखी कशाची. शटरमध्ये ‘ट’ हा बंद करणे या मूळ क्रियापदाचाच आहे. हार्वेस्टरचेही तसेच. तिथे ‘हार्वेस्ट’ म्हणजे सुगी हा जुना जर्मानिक शब्द असून प्रत्यय फक्त ‘अर’ एवढाच आहे. आणि मस्टर? लॅटिन ‘मोन्स्त्रारे’ म्हणजे दाखवणे. सैनिकांनी रांगेत उभे राहून आपण हजर आहोत हे दाखवायचे, त्यावरून मस्टर. देवनागरीत लिहिल्यावर हे सारे एकाच शेपटीचे दिसतात, कारण आपल्या लिपीने आणि जिभेने त्यांच्या मूळच्या निरनिराळ्या वर्णलेखनांवर एकच वरवंटा फिरवला आहे. इंग्रजीत यांचे अंत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जातात. मराठीत उरतो तो फक्त ‘टर’.

त्यातही सेंटर या शब्दाची कथा विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणारे टोक, बैल हाकण्याची अणकुचीदार काठी. आपल्याकडे तिला पराणी म्हणतात. वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक मध्ये रुतवतात त्यालाही ग्रीक तोच शब्द वापरू लागले आणि त्यातून ‘मध्यबिंदू’ हा अर्थ आला. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक ज्योतिषाबरोबर हाच शब्द भारतात आला आणि संस्कृतात केंद्र झाला. म्हणजे सेंटर हा परकी शब्द काढून केंद्र हा शुद्ध स्वदेशी शब्द वापरा असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा तो एका ग्रीक पाहुण्याला बाहेर काढून त्याच्याच आधी आलेल्या भावाला आत बसवत असतो. भाषाशुद्धीचा आग्रह पूर्णपणे चुकीचा आहे असे यावरून ठरत नाही. पण शुद्धतेची सीमारेषा नेमकी कोणत्या शतकात आखायची, हा प्रश्न मात्र केंद्रस्थानीच येतो!

१९६० नंतर महाराष्ट्र शासनाने ही सीमारेषा आपल्या पद्धतीने आखली. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला, कंडक्टरचा वाहक आणि ड्रायव्हरचा चालक. या शब्दांची त्या काळी थट्टाही झाली. पण आज एसटीच्या गाडीत चालक-वाहक हे शब्द डोळ्यांना खुपत नाहीत. जिल्हाधिकारी तर पूर्णपणे रुळला आहे. त्याचीही जडणघडण पाहण्यासारखी आहे. जिल्हा हा अरबी, मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. अधिकारी हा संस्कृत. वेदान्तात ‘अधिकारी’ म्हणजे सत्ता असलेला नव्हे, तर ज्ञान ग्रहण करण्यास पात्र असलेला साधक. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे आणि ज्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११० सांगितला जातो, त्या गावाला हा अर्थ नवा नाही. पात्रतेचा शब्द सत्तेचा झाला. गोळा करणाऱ्या कलेक्टरपेक्षा, धारण करणाऱ्या तालुकदारापेक्षा, पात्र असणारा अधिकारी ही कल्पना लोकशाहीला अधिक शोभणारी होती. प्रत्यक्षात तिचे काय झाले हा निराळा विषय.

असे तीन थर झाले: दार, टर आणि अधिकारी. यांपैकी मराठीत सर्वांत खोल कोण मुरले, हे ठरवण्याची एक कसोटी आहे. कोणती शेपटी आपल्या घरच्या शब्दांना लागते ते पाहावे. ‘दार’ धारेला लागली, चवीला लागली आणि इंग्रजी शब्दांनाही लागली. इंग्रजीतील करारवाचक शब्दाचे मराठीत कंत्राट झाले आणि ते घेणारा कंत्राटदार झाला. इंग्रजी धड, फारशी शेपटी आणि उच्चार अस्सल मराठी. ‘टर’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ट्रॅक्टर, डॉक्टर, कंडक्टर हे अखंड शब्द म्हणून आले आणि अखंडच राहिले. मराठी धातूला ‘टर’ लावून बनलेला आणि बोलण्यात रुळलेला शब्द आढळत नाही. आपण इंग्रजीकडून वस्तू घेतल्या, पदे घेतली, यंत्रे घेतली, पण माणूस घडवण्याचा साचा घेतला नाही.

कंत्राटाचा उल्लेख आला, तेव्हा आता यादीतला सर्वांत महत्त्वाचा अक्षरगट पाहू. तो शेवटी नाही, मध्ये आहे: ‘ट्रॅक्ट’. लॅटिन ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणे. ओढतो तो ट्रॅक्टर. दोन पक्षांना एकत्र ओढून बांधते ते कॉन्ट्रॅक्ट, आपले कंत्राट. आतून बाहेर ओढून काढलेला तो एक्स्ट्रॅक्ट. सातबाराच्या उताऱ्याला इंग्रजी कागदपत्रांत हेच नाव आहे. आपल्याकडे कागद ‘उतरवून’ घेतात, इंग्रजीत तो ‘ओढून’ काढतात. स्वतःकडे ओढून घेणे म्हणजे आकर्षण, खालून ओढून घेणे म्हणजे वजाबाकी, या अर्थांचे इंग्रजी शब्दही त्याच गटातले. परीक्षेच्या यादीत हे सारे शब्द निरुपद्रवी शेजारी असतात. बीड जिल्ह्यात मात्र ते एकाच माणसाच्या आयुष्यात एकामागून एक येतात.

बालाघाटाच्या डोंगररांगेतील कोरडवाहू तालुक्यांत, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या पट्ट्यात, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होऊ लागतात. पलीकडच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याने उत्पादन सुरू केले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांना ऊस तोडायला माणसे हवी होती. ती अवर्षणाच्या मुलखाने पुरवली. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ आणखी वाढला. ज्याच्या नावावर सातबाराचा उतारा आहे, तो सात-आठ महिने पाऊस पुरेल या आशेवर शेतकरी असतो आणि उरलेल्या महिन्यांसाठी मुकादमाकडून उचल घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढवतो. उतारा, करार आणि ट्रॅक्टर. एकाच लॅटिन धातूची ही तीन रूपे त्याला तीन दिशांना ओढतात.

या व्यवहाराची शब्दसंपदा मराठीच्या अभ्यासकांनी मन लावून पाहावी अशी आहे. मुकादम हा अरबी शब्द, अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हणत. गावाच्या पुढे उभा राहणारा मोकदम आज टोळीच्या पुढे उभा राहतो आणि कारखाना व मजूर यांच्यामध्ये आगाऊ रकमेचा सांधा जुळवतो. उचल हा शब्द अस्सल मराठी. उचललेले पैसे अंगावर बसतात आणि हंगामभर उसाच्या मोळ्या उचलून ते फेडायचे असतात. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे खाडा. तोही पैशांत मोजला जातो. राहण्याची ती कोपी, जनावरांसाठीचे वा विकण्यासाठीचे उसाचे शेंडे ते वाढे. आणि कामाच्या पद्धतीवरून गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर. जिथे मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनात भराव्या लागतात, ते डोकी सेंटर. बैलगाडीच्या तळाला ‘सेंटर’ म्हणताना कोणाच्याही मनात ग्रीक पराणी नसते. पण अडीच हजार वर्षांपूर्वी बैल टोचण्याच्या काठीचे नाव असलेला शब्द जगभर फिरून पुन्हा बैलगाडीशेजारी येऊन उभा राहिला आहे, हे पाहून अभ्यासकाने क्षणभर थांबायला हवे.

आणि या सगळ्यात ऊस तोडणाऱ्या माणसाचे नाव काय? हिशोबात त्याचे नाव कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. अमुक मुकादमाकडे इतके कोयते, अमुक कारखान्याने इतक्या कोयत्यांचा करार केला, असे सहज बोलले जाते. इथे शेपटी नाही. ना ‘दार’, ना ‘टर’, ना ‘कार’, ना ‘करी’. ज्या भाषेने मातीपासून मडके घडवणाऱ्याला कुंभार म्हणून त्याच्या कर्तेपणाची खूण नावातच गोंदवली, त्याच भाषेच्या एका व्यवहारात माणूस आपल्या हत्यारात विरघळून गेला. कोयत्यामागे ‘वाला’ किंवा ‘करी’ लावणे अवघड नव्हते. ते लागले नाही, कारण व्यवहाराला करणारा नको होता, केवळ कापणारे साधन हवे होते. विरोधाभास असा की, ज्या यंत्राला मन नाही त्याला इंग्रजीने ‘ओढणारा’, ‘कापणी करणारा’ अशी कर्त्याची नावे दिली आहेत. ट्रॅक्टरला शेपटी आहे, हार्वेस्टरला आहे. त्यांच्यापुढे वाकून ऊस तोडणाऱ्या बाईला ती नाही. ती तर एका कोयत्याचाही अर्धा भाग.

कामगार हा प्रतिष्ठित शब्द या माणसांसाठी आहेच, पण त्याचाही प्रवास उलटा आहे. फारशी ‘गार’ म्हणजे करणारा. मदतगार, गुन्हेगार यांतला. एकोणिसाव्या शतकात कामगार म्हणजे सरकारी अंमलदार. महात्मा फुल्यांच्या लेखनात भट कामगार म्हणून ज्यांच्यावर आसूड ओढला आहे, ते गिरणीतले मजूर नव्हेत, तर कचेरीतले सत्ताधारी आहेत. गिरण्या आल्या, चळवळी झाल्या आणि हा शब्द अंमलदाराकडून श्रमिकाकडे आला. त्याच्यासोबत प्रतिष्ठेचा काही अंश आणि कायद्याचा काही आधारही आला. म्हणून ‘कोयता’ असे मोजले जाणे आणि ‘ऊसतोड कामगार’ अशी नोंद होणे यांतले अंतर केवळ शैलीचे नाही. पहिल्या शब्दाला हक्क मागता येत नाही, दुसऱ्याला येतो.

इथे पुन्हा मस्टरकडे जावे लागते. दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यात बांधली गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तेव्हापासून मस्टर हा शब्द खडी फोडणाऱ्या बायांच्या तोंडी बसला. मस्टरवर नाव असणे म्हणजे मजुरी मिळणे. दाखवणे हा त्याचा मूळ अर्थ इथे अगदी शब्दशः खरा होतो. मस्टर प्रत्येक मजुराला स्वतंत्र नावाने दाखवते. उसाच्या फडात कराराच्या कागदावर बहुधा मुकादमाचे नाव पुढे असते आणि बायकोचे कष्ट नवऱ्याच्या कोयत्यात जमा होतात. एकाच बाईला एका कामावर स्वतंत्र नाव आहे आणि दुसऱ्या कामावर ती अदृश्य आहे. अदृश्य राहण्याची किंमत काय असते, हे २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली असल्याची नोंद झाली. बोलीत त्याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. खाडा नको, पाळीच्या दिवसांची अडचण नको, दुखणे नको, म्हणून पिशवी नको, हा हिशोब ज्या भाषेत मांडला गेला तिच्यात शरीरही एक सामान झाले होते. आणि या हिशोबाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर उभा होता. ज्याच्या नावाचा मूळ अर्थ शिकवणारा, समजावून सांगणारा असा आहे तोच.

शब्दांच्या व्युत्पत्तीने अन्याय दूर होत नाही, हे खरे. लॅटिन धातू माहीत झाला म्हणून कोणाची उचल फिटत नाही. पण साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती जे साधन आहे ते हेच आहे. कथा-कादंबरीत, वृत्तपत्रात, शासकीय कागदात एखाद्या माणसाला कोणते नाव दिले आहे आणि त्या नावात करणाऱ्याची खूण आहे की नाही, एवढे पाहायची सवय लागली तरी वाचन बदलते. बीडचा तोच एक माणूस सातबारावर खातेदार आहे, आषाढात वारकरी आहे, पेरणीला शेतकरी आहे, मस्टरवर मजूर आहे, संघटनेच्या फलकावर कामगार आहे आणि फडात कोयता आहे. यांतील बहुतेक नावांना कर्तेपणाची एखादी तरी शेपटी आहे. ज्या एका नावाला ती नाही, त्याच नावाने त्याचा हिशोब होतो.

तेव्हा इंग्रजी शब्दांची यादी करताना ‘टर’खाली शब्द लिहीत जावेत, अर्थही पाठ करावेत. पण त्या पानाच्या उजवीकडे एक रकाना मोकळा ठेवावा आणि तिथे प्रत्येक शब्दासमोर एवढेच लिहावे की आपल्या जिल्ह्यात हे नाव कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाही. बीडपुरते तरी त्या रकान्यात डावीकडच्या अर्थापेक्षा जास्त मजकूर भरेल.